बेकमास्तरांचे गोत्र

सोमवार, १२ जून १९६७

अरबांचे युद्ध सहा दिवसांत संपले. माझे वार्तापत्र मुंबईला सातव्या दिवशी पोचले. संपादकांची तार आली: "उशीर झाला. लढाई सोडा, माणसांबद्दल लिहा." पन्नाशीला टेकलेल्या वार्ताहराला यापेक्षा सभ्य शब्दांत निवृत्त करता येत नाही.

दुपारी नेहमीप्रमाणे या आखाती शहराच्या मुर्गाब पेठेत नूरुद्दीनभाईंकडे जेवलो. पुढे त्यांचे शिंपीकाम, मागे जमिलाभाभींची खानावळ. रत्नागिरीकडची पंधरावीस मंडळी रोज पंगतीला. माझ्या भाजीचे पातेले वेगळे, त्यावर पांढरी चिंधी बांधलेली. भाभी तिला 'जानवं' म्हणतात.

नूरुद्दीनभाईंच्या डोक्यात सध्या एकच खूळ आहे. त्यांचा मेहुणा कासम लाँचवर सारंग, म्हणजे तांडेल, आहे. त्याने गावाहून रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून दोरांनी ओढायचे, मोठे जाळे आणून टाकले आहे. सलव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढायची, पण माणसे पुरत नाहीत.

"काय ओ शास्त्रीबुवा, येताव का दोरी ओढाला?"

"मी मासे खात नाही, नूरुद्दीनभाई."

"खावाला कोन सांगतंय? वढाला सांगतंय. दोरीला हात लावला की वाटा. आमच्याकडं असाच हाय. कोन, कुठला, कोन इचारीत नाय."

पंगतीच्या टोकाला बेकमास्तर खाली मान घालून डाळभात खात होते. दक्षिण कोरियाचे गृहस्थ. दक्षिणेकडे तेल काढणाऱ्या जपानी कंपनीत दुभाषे म्हणून आले आणि इथेच राहिले. आता अर्दियाच्या एका रिकाम्या गोदामात आमच्या कोकणी पोरांना लाथा मारायला शिकवतात. पोरे त्यांना बेकमास्तर म्हणतात म्हणून आम्हीही. ते मला 'मोघे-सान' म्हणतात.

माणसांबद्दल लिहायचे तर हा बरा विषय आहे.

शुक्रवार, १६ जून

आज पहाटे बेकमास्तरांबरोबर सलव्याला गेलो. दर शुक्रवारी ते तिथे एकटेच जातात. नूरुद्दीनभाईंची गाडी मागून घेतात, किनाऱ्यावर चिटपाखरू नसते. मला सोबत नेले ते बहुधा मी आग्रह सोडीना म्हणून.

ओल्या वाळूवर उभे राहून त्यांनी एक पाठ केला. पाठच म्हणतो, दुसरा शब्द सुचत नाही. पाऊल, वळण, ठोसा, पुन्हा पाऊल, सारे ठरलेल्या क्रमाने. वाईच्या पाठशाळेत आम्ही घनपाठ म्हणत असू, तसा. एक अक्षर पुढेमागे झाले की गुरुजींची छडी. यांच्या डोळ्यांसमोरही कुणीतरी छडी घेऊन उभे असावे असे वाटले.

"गोदामात हा पाठ शिकवत नाही तुम्ही?" मी विचारले.

"तिथे नवा शिकवतो. हा जपानी आहे."

मग ते बोलले. वर्षभर ज्याने पाणी मागण्यापलीकडे तोंड उघडले नाही, तो माणूस तासभर बोलला. राजवट जपान्यांची होती तेव्हा सगळ्या देशाला जपानी नावे घ्यायला लावली. यांनाही एक मिळाले. ते घेऊन तोक्योला शिकायला गेले. तिथे एका वृद्ध जपानी गुरूने पोटच्या पोरासारखे शिकवले. युद्ध संपले, हे परतले, आखाडा काढला. असे तोक्योहून शिकून आलेले बरेच होते. मग एका सेनापतीच्या मनात आले की स्वतंत्र देशाच्या फौजेने शत्रूची विद्या शिकणे बरे दिसत नाही. १९५५ साली बैठक भरली, नवे नाव ठरले, आणि हळूहळू ठरले की ही विद्या जपानकडून आलेलीच नाही, दोन हजार वर्षांपासून आमचीच आहे.

"आणि तुम्ही?"

"मी म्हटले, नाव बदला, पाठ बदला, पण गुरू कसा बदलू? म्हणून माझा आखाडा बंद झाला."

मग ते हसले. "जपान्यांनीही तेच केले होते. त्यांच्या विद्येच्या नावात आधी 'चिनी हात' होता. चीनशी बिनसल्यावर चिनी खोडून 'रिकामा' लिहिले. प्रत्येकजण आधीच्याला खोडतो, मोघे-सान."

परत येताना भावाचा विषय निघाला. थोरला भाऊ जपानमध्येच राहिला होता. सात वर्षांपूर्वी तिथल्या बोटीने उत्तर कोरियात गेला. काम देऊ, घर देऊ असे सांगून नेले. तेव्हापासून दोघे दोन शत्रुराष्ट्रांचे नागरिक. "ही गोष्ट कुणाला सांगायची नसते," ते म्हणाले.

वार्तापत्राला पुष्कळ झाले. भाऊबंदकी, फाळणी, गुरुभक्ती. आपल्या वाचकाला आणखी काय पाहिजे?

बुधवार, २१ जून

संपादकांनी माझे वार्तापत्र अर्ध्यावर कापले आणि 'लाथा मारणारा मास्तर' असा मथळा दिला. गुरू गेला, भाऊ गेला, लाथा राहिल्या.

संध्याकाळी माझ्या दारात एक नीटनेटका कोरियन गृहस्थ. मिस्टर शिन. त्यांच्या देशाच्या प्रात्यक्षिक-पथकाचे चिटणीस. कौले फोडणारे आठ जवान घेऊन आखाती देशांच्या दौऱ्यावर आलेत. इथे निर्वासितांच्या मदतीसाठी प्रयोग करणार. माझे वार्तापत्र त्यांनी मुंबईतल्या कुणाकडून भाषांतर करवून वाचले म्हणे. मला भरून आले. माझ्या बायकोनेसुद्धा ते एवढे कष्ट घेऊन वाचलेले नाही.

त्यांना प्रयोगासाठी विद्येचा इतिहास लिहून हवा आहे. मसाला त्यांनीच दिला: प्राचीन राज्याचे तरुण योद्धे, थडग्यांतली चित्रे, आणि एका गुहामंदिराच्या दारावरच्या मुठी वळलेल्या दोन मूर्ती. "हे आमच्या विद्येचे पुरावे."

मी म्हटले, "मिस्टर शिन, हे द्वारपाल आहेत. आमच्याकडे दर देवळाच्या दारात असतात. असा पुरावा चालत असेल तर वेरूळ हा जगातला सर्वात मोठा आखाडा ठरेल."

ते रागावले नाहीत. खदखदून हसले आणि म्हणाले, "आणखी सांगा."

आणखी सांगा! गेल्या दहा वर्षांत हे शब्द मला कुणी म्हटलेले नाहीत.

शनिवार, २४ जून

इतिहास लिहिला. काम माझ्या ओळखीचेच निघाले. आमच्याकडे कुठल्याही ओढ्याकाठी नवे देऊळ बांधले की त्याचे माहात्म्य लिहितात. राम तिथे स्नान करून गेलेला असतोच. त्याच धर्तीवर लिहिले. शेवटी फलश्रुतीही जोडणार होतो, हे जो ऐकेल त्याचे शत्रू पळतील वगैरे. मग म्हटले, संयम असावा.

जेवताना बेकमास्तरांना सांगितले की तुमच्या देशाचे पथक आले आहे, त्यांच्या चिटणिसांशी माझी मैत्री जमली. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"माझ्याविषयी काय विचारले?"

"चांगलेच. फार आदर आहे त्यांना तुमच्याबद्दल."

ते उठून गेले. भाभी मला म्हणाल्या, "काय सांगितलात ओ त्याला? अर्धा भात सोडून गेला."

"कलावंत आहेत, भाभी. दुसरा कलावंत गावात आला की भूक मरते."

बुधवार, २८ जून

मिस्टर शिन यांनी हॉटेलात मेजवानी दिली. माझ्यासाठी खास शाकाहारी. बटाट्याचे नऊ प्रकार.

फार रसिक माणूस. प्रक्षिप्त श्लोक कसे ओळखावेत हे मी त्यांना सविस्तर सांगितले आणि त्यांनी मध्ये एकदाही घड्याळ पाहिले नाही. मधूनमधून बेकमास्तरांची विचारपूस. कुठे राहतात, रोज कोण भेटते, तब्येत कशी आहे, झोपेच्या गोळ्या वगैरे घेतात का. मायदेशी त्यांच्यावर अन्याय झाला, असे शिन यांनी स्वतःहून कबूल केले. आता त्यांचा गौरव करायचा विचार आहे.

मी म्हटले, माणूस एकांतप्रिय आहे. दर शुक्रवारी पहाटे सलव्याला एकटाच जाऊन जुना पाठ करतो. गौरव करायचाच तर त्याच्या गुरुभक्तीचा करा.

"एकटाच?" शिन म्हणाले. "किती सुंदर!"

गौरवपत्राला करुणरसाची जोड असावी म्हणून भावाचीही हकिकत सांगितली. शिन यांनी काटा-चमचा खाली ठेवून ऐकली. डोळ्यांत पाणी आल्यासारखे वाटले. परत निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

बेकमास्तरांनी खानावळीवरच्या आपल्या खोलीला नवे कुलूप लावले आहे असे नूरुद्दीनभाई म्हणाले. आत चोरण्यासारखे काय आहे? एक चटई आणि एक आरसा.

शुक्रवार, ७ जुलै

काल प्रयोग झाला. शाळेचे दालन खचाखच. माझा इतिहास मीच ध्वनिक्षेपकावरून वाचला, इंग्रजीत, आणि एका शिक्षकाने अरबीत. दोन हजार वर्षांना टाळ्या पडल्या. मग कौले फुटली. त्यात एक हत्तीसारखा तरुण होता, त्याने कपाळाने विटा फोडल्या. नूरुद्दीनभाई शेजारी बसले होते. म्हणाले, "ह्याला रापणीला घेतला पायजे."

शेवटी शिन यांनी बेकमास्तरांना रंगमंचावर बोलावले आणि नवा पाठ करायला सांगितले. त्यांनी केला, अगदी बिनचूक. मग थांबले. लोकांना वाटले संपले. त्यांनी डाव्या बाजूला, जिथे कुणी नव्हते, कमरेतून वाकून नमस्कार केला आणि जुना पाठ सुरू केला. सलव्याचा. भर सभेत.

आमच्या लोकांना फरक कळायचे कारण नव्हते, टाळ्या वाजल्याच. पथकातले आठही जण मात्र पुतळ्यासारखे उभे. हत्ती जमिनीकडे पाहत होता. मिस्टर शिन हसत होते. त्यांना ते आवडले असावे. प्रयोग संपेपर्यंत त्यांचे हसू तसेच होते, कमी नाही, जास्त नाही.

रविवार, ९ जुलै

शिन आले होते. गौरवाचा बेत पक्का झाला. येत्या शुक्रवारी पहाटे सलव्याच्या किनाऱ्यावरच, अचानक! फुले, मानपत्र, आणि तिथून थेट विमानतळ. मायदेशी मोठा समारंभ आहे म्हणे, विमान ठरलेले आहे. मी संस्कृतात मानपत्र लिहायचे आणि हजर राहायचे. ओळखीचा माणूस दिसला की बेकमास्तर बिचकणार नाहीत.

"दुसरे कुणी नको," शिन म्हणाले. "आणि त्यांना आधी कळता कामा नये. आनंद कमी होतो."

मला बोलणे आवरत नाही हे ते जाणून असावेत. दोनदा बजावले.

शार्दूलविक्रीडितात घ्यावे की स्रग्धरेत, ठरत नाही.

मंगळवार, ११ जुलै

आज तारघरात बसून बाहेरच्या बातम्या चाळत होतो. पश्चिम जर्मनीतून आलेली एक बातमी, दहा-बारा ओळींची. तिथे राहणारे काही कोरियन विद्यार्थी, एक संगीतकार, अशी माणसे गेल्या महिन्यात एकाएकी नाहीशी झाली. कुणाला मेजवानीचे बोलावणे आले होते, कुणाला सत्काराचे. आता सगळे सोलच्या तुरुंगात आहेत. आरोप: उत्तरेशी संबंध.

मी ती पुन्हा वाचली.

सत्कार. थेट विमानतळ. दुसरे कुणी नको. झोपेच्या गोळ्या घेतात का.

गौरव करायला निघालेल्याला गोळ्यांची चौकशी कशाला? मला तेव्हा विचारता आले असते. मी तेव्हा प्रक्षिप्त श्लोकांवर बोलत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोथ्यांत घुसवलेल्या ओळी शोधल्या, आणि माझ्या समोर बसून एक माणूस ओळीमागून ओळ घुसवत होता, तर मी त्याचे बटाटे खात होतो.

जर्मनीतले प्रकरण आणि इथले एकच, असा पुरावा माझ्याजवळ नाही. शिन कुणाचा माणूस आहे हेही ठाऊक नाही. पण भावाची गोष्ट त्याला मी सांगितली. शुक्रवार मी सांगितला. एकटा हा शब्दही माझाच.

बुधवार, १२ जुलै

पहाटेच बेकमास्तरांच्या दारावर गेलो. नव्या कुलपाचे कारण आता समजत होते. सगळे सांगितले, काही लपवले नाही. ते चटईवर बसून ऐकत होते. एकदाच विचारले, "भावाचेही?"

"भावाचेही."

मला वाटले आता लाथ बसणार. बसली असती तर बरे झाले असते. ते म्हणाले, "सांगायची नसते ती गोष्ट मी तुम्हाला सांगितली. तुम्ही दुसऱ्याला. आपण दोघेही एकटे होतो, मोघे-सान, दुसरे काय."

मी म्हटले, पोलिसात जाऊ.

"काय सांगणार? की माझ्या देशाचे लोक मला फुले द्यायला येत आहेत? माझा पासपोर्ट त्यांचा आहे. पोलिस मला त्यांच्याच हवाली करतील."

"मग या शुक्रवारी जाऊ नका."

"शनिवारी या खोलीत येतील. इथे खाली भाभी असतात, पोरे असतात."

दुकानात नूरुद्दीनभाई एका हवालदाराचा सदरा बेतत होते. तो जाईपर्यंत थांबलो आणि मग सांगितले. कात्री हातात तशीच राहिली. भाभी पडद्याआडून बाहेर आल्या.

"शास्त्रीबुवा," नूरुद्दीनभाई म्हणाले, "तुमाला न इचारता बी तुमी सांगताव. हिते तर इचारीत व्हता. मग काय!"

"माझे काय करायचे ते नंतर करा. बेकमास्तरांचे काय?"

भाभी म्हणाल्या, "त्या मानसानं वरीसभर माज्या हातचा खाल्लान. कधी आळणी हाय म्हनला नाय. त्याला कोन न्हेतंय तो बघतंच मी."

"तू काय बगतंस? गप." नूरुद्दीनभाईंनी कात्री ठेवली. "ते सायबानं सांगितला ना, एकटाच पायजे? आन् किनाऱ्यावर एकटा नसला तर?"

मला कळेना.

"कासमची लाँच गुरुवारी भरतेय. शुक्रवारी भायेर पडनार. आन् रापणीला माजी मानसां कवापासून कमी पडतत." ते माझ्याकडे पाहून हसले. "आता येताव का दोरी ओढाला?"

गुरुवार, १३ जुलै

शिन यांना मानपत्र तयार असल्याचा निरोप दिला. आवाज स्थिर राहिला. स्रग्धरेतच केले आहे, खोटे बोलायचे तर वृत्त तरी मोठे असावे.

बेकमास्तर दुपारी जेवायला आले. ताट स्वच्छ केले. लाँचवर उभ्या आयुष्यात पाऊल ठेवलेले नाही, पोहता येत नाही, एवढेच म्हणाले.

शुक्रवार, १४ जुलै

तळहात सोलून निघाले आहेत, अक्षर वाकडे येत आहे.

उजाडायच्या सुमारास सलव्याला पोचलो तेव्हा किनारा माणसांनी भरला होता. मुर्गाबची पंगत होतीच, शिवाय जलीब अल शुयूखच्या मजूरखोल्यांतली पोरे, बंदरातले खलाशी, अर्दियाचा सगळा वर्ग. लुंग्या खोचलेल्या, डोक्याला पंचे. गस्तीच्या जीपमधले दोन पोलिसही आले होते. त्यांत परवाचा सदरा होता. जाळे पडणार म्हटल्यावर त्यांचा वाटा कुठे जातो!

बेकमास्तरांनी आपली जागा घेतली. ओल्या वाळूवर, नेहमीची. सगळे उभे राहून पाहत होते. मी त्यांना म्हणणार होतो की आता वेळ नाही. भाभींनी, त्याही आल्या होत्या, मला हाताने गप्प केले. जुना पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत झाला. कुणी टाळी वाजवली नाही.

मग नूरुद्दीनभाईंनी त्यांच्या डोक्याला आपला पंचा गुंडाळला, लुंगी नेसवली आणि होडीत बसवले. होडीत कासम. एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी निघाली, जाळे सोडत सोडत मोठा अर्धचंद्र काढून पलीकडे आली, दुसरा दोर किनाऱ्यावर फेकला, आणि पुन्हा आत गेली. ओढताना जाळे कुठे अडकले तर सोडवायला होडी त्याच्या मागे राहतेच. पाहणाऱ्याला त्यात वावगे काही दिसत नाही.

दोन्ही दोरांना माणसे लागली. मी डाव्या दोराला, नूरुद्दीनभाईंच्या मागे.

गाड्या आल्या. दोन, काळ्या. शिन उतरले, हातात खरोखरच फुले. मागे चौघे, त्यांत विटा फोडणारा हत्ती. समोरची गर्दी पाहून शिन यांचे हसू प्रथमच हलले. ते वाळूतून बुटांनी थेट माझ्याकडे आले.

"मिस्टर मोघे, तुम्ही म्हणाला होता की ते इथे एकटे असतात."

"मूळ पाठ तसाच होता," मी म्हणालो. दोर सोडला नाही. "हे सगळे नंतरचे, प्रक्षिप्त."

त्यांना विनोद आवडला नाही. आज आणखी सांगा म्हणाले नाहीत. एकेक चेहरा न्याहाळत ते रांगेच्या कडेने चालू लागले. माणसे पाठमोरी, वाकलेली, सगळ्यांच्या डोक्याला पंचे. एकाच्या पंच्याला शिन यांनी हात घातला. तो उस्मान निघाला, बंदरावरचा हमाल. त्याने वळून अशी शिवी हासडली की पोलिसांनी हातातल्या सिगारेटी खाली केल्या.

"काय झाले?" सदऱ्याच्या मालकाने अरबीत विचारले असावे. नूरुद्दीनभाईंनी अरबीतच उत्तर दिले, आणि मग शिन यांना हिंदीत मोठ्याने म्हणाले, "साब, खाली देखने का कुछ नहीं मिलता इधर! हाथ लगाओ, हिस्सा मिलेगा! कौन है, किधर का है, कोई नहीं पूछता!"

शिन यांनी काही केले नाही. पण हत्तीने बूट काढले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझ्या मागे येऊन दोर धरला. शिन त्यांच्या भाषेत ओरडले. त्याने ऐकले नाही किंवा ऐकूनही ऐकले नाही. त्याने पहिला हिसका दिला तेव्हा आम्ही पाचजण एकदम मागे सरकलो.

जाळे जवळ येऊ लागले. पाणी उकळल्यासारखे दिसत होते. आरडाओरड, हसणे, "वढा रे, वढा!" सगळ्यांचे डोळे माशांवर. माझे नव्हते. माझे होडीवर होते. ती आता जाळ्यामागे राहिली नव्हती, सावकाश दूर चालली होती, आणि त्याहून दूर लाँच इंजिन सुरू करून उभी होती. होडीत दोन पंचे दिसत होते. एक वल्हवत होता. दुसरा कडेला घट्ट धरून ताठ बसला होता, पोहता न येणाऱ्यासारखा.

मी मान वळवली. मागे हत्तीही तिकडेच पाहत होता.

त्याच्या एका शब्दाचा अवकाश होता. पोलिसांची बोट लांब नव्हती, शिन यांच्या खिशात कागदही असतीलच. त्याने माझ्याकडे पाहिले. मग त्याने मान खाली घातली, कमरेतून पार वाकला आणि ओढू लागला. दोर ओढायला एवढे वाकावे लागत नाही.

शिन यांच्या लक्षात आले तेव्हा रिकामी होडी मागे बांधून लाँच दिसेनाशी होत आली होती. ते पाण्याच्या कडेपर्यंत गेले. फुले अजून हातात होती. मग गाडीत जाऊन बसले आणि भोंगा वाजवत राहिले. हत्तीला निघणे भाग होते. नूरुद्दीनभाईंनी त्याला थांबवून बोय मासे मोजून दिले, पंच्यात बांधून. त्याने दोन्ही हातांनी घेतले. मायदेशी त्याला याचे काय भोगावे लागेल, ठाऊक नाही.

वाटे लागले. पोलिसांचा, जाळ्याचा, होडीचा, दोरावरच्या प्रत्येकाचा. मग भाभींनी माझ्यापुढे एक वाटा ठेवला.

"मी नाही खात, भाभी."

"खावाला कोन सांगतंय? हात लावलात ना? मग न्ह्या."

तो घेऊन घरी आलो. शेजारच्या सुगराबाईंना दिला. बोटांचा वास जात नाही. घालवायची घाईही नाही.

बुधवार, १९ जुलै

पथक पुढच्या गावी गेले. वर्तमानपत्रात त्यांच्या विद्येचा इतिहास छापून आला आहे, माझाच, शब्दशः. आता तो कुणी खोडायचा? दोन पिढ्यांनी एखादा शास्त्री तो आधार म्हणून उद्धृत करील.

अर्दियाच्या गोदामात पोरे जमतात. नूरुद्दीनभाईंचा धाकटा फारूक पुढे उभा राहतो आणि शुक्रवारी पाहिलेला पाठ आठवून आठवून करतो. मधल्या दोन पावलांवर वाद आहे.

बेकमास्तरांना कासमने कुठल्या बंदरात उतरवले, हे पंगतीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी आलो की विषय बदलतो. आज मी सरळ विचारले. नूरुद्दीनभाईंनी दोरा दातात धरून माझ्याकडे पाहिले, आणि भाभींनी माझ्या ताटात जास्तीची भाजी वाढली. पुन्हा विचारले नाही. त्यांनी सांगितले असते तर मला ऐकवले नसते.

संपादकांची तार: "मास्तरवर वाचकांची पत्रे. पुढे काय झाले कळवा."

तारघरात बराच वेळ बसून उत्तर लिहिले: "विशेष काही नाही. उकाडा फार. मासळी मुबलक."